कमी, जास्त, किमान, कमाल : पायथॉनमध्ये तुलनेची चिन्हं कशी लिहायची

भारतात मतदानासाठी किमान वय १८ आहे. १९८९ पर्यंत ते २१ होतं, ६१ व्या घटनादुरुस्तीने ते खाली आलं. आता हा नियम संगणकाला सांगायचा आहे. त्यासाठी `वय > 18` लिहायचं की `वय >= 18`? दोन्ही ओळी चालतात, एकीतही एरर येत नाही. १७ वर्षांच्या मुलीसाठी दोन्हींचं उत्तर एकच, २५ वर्षांच्या तरुणासाठीही एकच. फरक पडतो फक्त बरोबर १८ वर्षांच्या माणसाला. घटनेच्या ३२६ व्या कलमाप्रमाणे मतदाराचं वय १८ पेक्षा कमी नसावं, म्हणजे १८ पूर्ण झालेला माणूस मतदार होऊ शकतो. पहिली ओळ त्याचा हक्क काढून घेते, तेही कुठलाच इशारा न देता.

नवशिक्यांना ही चिन्हं पाच मिनिटांत पाठ होतात. चुका होतात त्या सीमेवरच्या आकड्यापाशी. म्हणून चिन्ह लिहिण्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारायची सवय लावून घ्या: बरोबर सीमेवर जो आकडा आहे, तो आत की बाहेर? या प्रश्नाचं उत्तर ठरलं की चिन्ह आपोआप ठरतं.

आधी थोडी तयारी

उदाहरणं पायथॉनमध्ये दिली आहेत. ही भाषा फुकट मिळते आणि तिच्या ओळी छोट्या असतात. शिवाय पायथॉन ३ मध्ये व्हेरिएबलचं, म्हणजे किंमत ठेवायच्या जागेचं, नाव देवनागरीत ठेवता येतं. `वय`, `गुण`, `टक्के` ही नावं खरोखर चालतात. संगणकावर पायथॉनच्या अधिकृत संकेतस्थळावरून ते उतरवून घ्या. त्याच्यासोबत आयडल नावाची साधी खिडकी येते, सुरुवातीला तेवढी पुरते. संगणक नसेल तर अँड्रॉइड फोनवर पायड्रॉइड ३ हे ॲप चालेल.

खिडकी उघडली की `>>>` अशी खूण दिसते. तिचा तुलनेशी काहीही संबंध नाही. "लिहा, मी वाट पाहतोय" एवढाच तिचा अर्थ, आणि ती आपण टाइप करायची नसते.

लिपीबद्दल दोन गोष्टी आत्ताच लक्षात घ्या. नावं देवनागरीत चालली तरी कोडमधले आकडे 0 ते 9 असेच लिहावे लागतात. `वय = १८` लिहिलंत तर सिंटॅक्स एरर (लिहिण्याचा नियम मोडल्याची चूक) येईल. आणि इफ (if), एलिफ (elif), एल्स (else), अँड (and), ऑर (or), नॉट (not), प्रिंट (print) हे पायथॉनचे स्वतःचे शब्द मी इथे देवनागरीत लिहिले आहेत, पण टाइप करताना ते इंग्रजी लहान अक्षरांत लिहा. पायथॉनची ट्रू (खरं) आणि फॉल्स (खोटं) ही उत्तरंही पडद्यावर इंग्रजीत दिसतील.

आता पहिल्या दोन ओळी:

```
वय = 18
वय >= 18
```

पहिल्या ओळीने १८ हा आकडा `वय` या नावाखाली ठेवला. दुसरी ओळ प्रश्न विचारते, आणि एंटर दाबताच ट्रू असं उत्तर येतं. आता `वय > 18` लिहून पाहा. फॉल्स. वर ज्या माणसाबद्दल बोललो तो हाच.

सहा चिन्हं

`<` म्हणजे डावीकडचं उजवीकडच्यापेक्षा कमी आहे का.
`>` म्हणजे डावीकडचं जास्त आहे का.
`<=` म्हणजे कमी किंवा तेवढंच आहे का.
`>=` म्हणजे जास्त किंवा तेवढंच आहे का.
`==` म्हणजे दोन्ही सारखे आहेत का.
`!=` म्हणजे दोन्ही वेगळे आहेत का.

सहाही चिन्हं प्रश्न विचारतात, आणि त्यांचं उत्तर ट्रू किंवा फॉल्स यांपैकीच एक येतं. एकटं `=` मात्र प्रश्न विचारत नाही, ते किंमत ठेवतं. `<` आणि `>` यांत गोंधळ होत असेल तर चिन्हाचं टोकदार अंग लहान आकड्याकडे असतं एवढं लक्षात ठेवा.

`<` आणि `>` ही चिन्हं गणितात थॉमस हॅरियट या इंग्लिश गणितज्ञाच्या ग्रंथातून आली. तो ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, १६३१ साली छापला गेला. त्यांच्याखाली रेघ देऊन "किंवा तेवढंच" दाखवण्याची रीत पिएर बुगेर या फ्रेंच शास्त्रज्ञाने १७३४ मध्ये वापरली. शाळेच्या वहीत आपण लिहितो ते ≥ त्याच रीतीतलं. कीबोर्डवर त्याची कळ नाही, म्हणून कोडमध्ये दोन कळा लागोपाठ दाबून `>=` लिहितात.

या दोन कळांचा क्रम पक्का आहे. आधी कमी-जास्तचं चिन्ह, नंतर बरोबरचं. `=>` लिहिलंत तर पायथॉन सिंटॅक्स एरर देतं. मध्ये जागा सोडून `> =` लिहिलंत तरी एरर. कुठून तरी कॉपी करून एकसंध ≥ चिकटवलंत तरीही एररच. जावास्क्रिप्टमध्ये `=>` या खुणेला वेगळाच अर्थ आहे, त्या भाषेत तिने फंक्शन (हाक मारली की ठरलेलं काम करणारा कोडचा तुकडा) लिहितात. त्यामुळे "बहुतेक तेच असेल" असं समजून पुढे जाऊ नका. फिरा कोडसारखे काही फाँट पडद्यावर `>=` जोडून ≥ सारखं दाखवतात. एखाद्या व्हिडिओत तसं दिसलं तर ती फाँटची सजावट समजा. शिकवणाऱ्याने दोनच कळा दाबलेल्या असतात.

मराठी वाक्यातून चिन्हाकडे

नियम आपल्यापर्यंत चिन्हांत येत नाहीत. ते परिपत्रकात, फलकावर किंवा साहेबांच्या तोंडी वाक्यात येतात. वाक्य नीट वाचणं हे प्रोग्रामिंगचंच काम आहे, आणि माझ्या मते या विषयातला सर्वांत महत्त्वाचा भागही हाच.

"किमान", "निदान", "व त्यापुढे", "पासून पुढे", "कमी नसावे" या शब्दांत सीमेवरचा आकडा आत येतो, म्हणून `>=`. "कमाल", "जास्तीत जास्त", "पर्यंत", "पेक्षा अधिक नसावे" इथेही सीमेवरचा आकडा आत, पण दिशा उलटी, म्हणून `<=`. "पेक्षा जास्त", "हून अधिक", "ओलांडल्यास" यांत सीमेवरचा आकडा बाहेर राहतो: `>`. "पेक्षा कमी", "खालील" असेल तर `<`.

"कमी नसावे" या शब्दांपाशी थोडं थांबा. वाक्यात "कमी" दिसलं की हात `<` कडे जातो. पण इथे "कमी" ला नकार जोडलेला आहे. "उमेदवाराचं वय २५ पेक्षा कमी नसावं" या लोकसभेच्या अटीचा कोड `वय >= 25` असा होतो. वाक्यातल्या नकाराकडे दुर्लक्ष झालं की अख्खी अट उलटते.

काही शब्द मात्र दोन्हीकडे झुकतात. "दहा दिवसांच्या आत" म्हणजे दहावा दिवस चालेल का? "७५ वर्षांवरील" मध्ये ७५ वर्षांचे आजोबा येतात का? एसटीच्या सवलतींचं उदाहरण घ्या. ६५ ते ७५ वर्षांच्या ज्येष्ठांना अर्धं भाडं, आणि ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना मोफत प्रवास, असं आपण सगळे बोलतो. पण तिकिटाच्या मशीनला "वरील" कळत नाही. कुणीतरी ठरवून सांगावं लागतं की ७५ वर्षं पूर्ण झालेल्या आजीला कोणत्या गटात बसवायचं. तुम्ही फक्त कोड लिहिणारे असाल तर हा निर्णय तुमचा नाही. नियम करणाऱ्याला विचारा, उत्तर लिहून घ्या आणि मग चिन्ह टाका. मनाने `>` किंवा `>=` निवडलंत तर दुसऱ्याचा निर्णय तुम्ही परस्पर घेतलेला असतो.

आणखी एक गोष्ट: तुलना कशाची होते आहे तेही तपासा. मतदार यादीसाठी वय कोणत्या तारखेचं धरायचं? पूर्वी फक्त १ जानेवारी ही अर्हता तारीख होती. २०२२ पासून १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार आहेत. चिन्ह अचूक असूनही वय चुकीच्या दिवशीचं घेतलं तर उत्तर चुकतंच.

दोन्ही बाजूंनी सीमा

रेल्वेत पाच वर्षांखालच्या मुलाला, वेगळा बर्थ नको असेल तर, तिकीट लागत नाही. पाच वर्षं पूर्ण पण बारा पूर्ण नाहीत अशा मुलाला, वेगळा बर्थ न मागितल्यास, अर्धं भाडं. हा मधला गट असा लिहितात:

```
5 <= वय < 12
```

वाचताना: पाच किंवा जास्त, आणि बारापेक्षा कमी. वय ५ असेल तर ट्रू, ११ असेल तर ट्रू, १२ असेल तर फॉल्स. डावीकडे `<=` आणि उजवीकडे नुसतं `<` असं का, ते नीट पाहा. पाच वर्षांचं मूल मधल्या गटात आलं, म्हणून आधीच्या गटाची अट `वय < 5` झाली. बारा वर्षांचं मूल मधल्या गटातून बाहेर पडलं, म्हणून पुढच्या गटाची अट `वय >= 12`. एक गट जिथे संपतो तिथेच दुसरा सुरू होतो. मध्ये फट नाही, आणि कुणी दोन गटांत मोजलं जात नाही.

अशी सुरुवात आत, शेवट बाहेर मांडणी प्रोग्रामिंगमध्ये सगळीकडे भेटेल. एट्सखर डाइक्स्ट्रा या डच संगणकशास्त्रज्ञाने १९८२ मध्ये एका टिपणात तिची बाजू मांडली. तिचा एक फायदा असा की शेवटातून सुरुवात वजा केली की गटातल्या पूर्णांकांची संख्या मिळते: १२ वजा ५ म्हणजे ७, आणि ५, ६, ७, ८, ९, १०, ११ हे आकडे मोजले तर सातच भरतात. पायथॉनचं रेंज (range) हे ओळीने आकडे देणारं फंक्शनही असंच वागतं. १ आणि १० दिलेत तर ते १ ते ९ पर्यंतच जातं. दहावी फेरी कुठे गेली म्हणून तासभर डोकं धरून बसण्याआधी हे आठवा.

`5 <= वय < 12` असं एका दमात लिहिता येणं ही पायथॉनने दिलेली सोय आहे. सी, जावा, जावास्क्रिप्टमध्ये हीच ओळ तशीच लिहू नका. सी भाषेत आधी `5 <= वय` तपासलं जातं, त्याचं उत्तर ० किंवा १ येतं, आणि मग त्या ० किंवा १ ची तुलना १२ शी होते. दोन्ही बारापेक्षा कमीच, त्यामुळे नव्वद वर्षांच्या आजोबांनाही अर्धं तिकीट मिळतं. जावास्क्रिप्टमध्ये `3 > 2 > 1` चं उत्तर फॉल्स येतं, कारण `3 > 2` चं ट्रू झालं, ट्रूचं १ झालं, आणि १ हा १ पेक्षा जास्त नाही. त्या भाषांमध्ये दोन वेगळ्या अटी लिहून मध्ये "आणि" या अर्थाचं `&&` टाकतात. जावा मात्र अशी ओळ स्वीकारतच नाही, आणि तो तिचा चांगुलपणा समजा.

दहावीच्या श्रेणी : अटींची रांग

महाराष्ट्र राज्य मंडळाच्या दहावीच्या निकालात ७५ टक्के व त्यापुढे विशेष प्राविण्य, ६० व त्यापुढे प्रथम श्रेणी, ४५ व त्यापुढे द्वितीय श्रेणी आणि ३५ व त्यापुढे उत्तीर्ण श्रेणी असते. "व त्यापुढे" हे शब्द मंडळाने स्पष्ट दिल्यामुळे आपलं काम सोपं झालं. चारही ठिकाणी `>=`.

```
इफ टक्के >= 75:
    प्रिंट("विशेष प्राविण्य")
एलिफ टक्के >= 60:
    प्रिंट("प्रथम श्रेणी")
एलिफ टक्के >= 45:
    प्रिंट("द्वितीय श्रेणी")
एलिफ टक्के >= 35:
    प्रिंट("उत्तीर्ण श्रेणी")
एल्स:
    प्रिंट("अनुत्तीर्ण")
```

प्रिंटच्या ओळी चार जागा आत सरकवलेल्या आहेत. तेवढ्या तशाच ठेवा, नाहीतर पायथॉन अडेल.

पायथॉन ही रांग वरून खाली वाचतं आणि पहिली खरी ठरलेली अट सापडली की थांबतं. त्यामुळे दुसऱ्या अटीत "६० किंवा जास्त, पण ७५ पेक्षा कमी" असं लिहावं लागत नाही. ७५ च्या वरचे सगळे पहिल्याच अटीत गेलेले असतात. पण म्हणूनच क्रम फार महत्त्वाचा. कुणी ही रांग उलटी लिहून `टक्के >= 35` सर्वांत वर ठेवली, तर ९८ टक्के मिळवलेली मुलगीही "उत्तीर्ण श्रेणी" घेऊन बाहेर पडेल. `>=` च्या रांगेत मोठा आकडा वर, `<` किंवा `<=` च्या रांगेत लहान आकडा वर, एवढं पाळा.

दुसरी चूक मला जास्त धोक्याची वाटते, कारण ती वरवर फार व्यवस्थित दिसते. बरेच जण गट छापील तक्त्यासारखे लिहितात: `60 <= टक्के <= 74`, `45 <= टक्के <= 59`, `35 <= टक्के <= 44`. वाचायला किती स्वच्छ! आता ५०० पैकी २९८ गुण मिळवलेला मुलगा घ्या. त्याचे टक्के ५९.६. तो ६० च्या गटात बसत नाही, आणि ५९ पर्यंतच्या गटातही नाही. दोन्हींच्या फटीतून तो सरळ शेवटच्या एल्सपर्यंत घसरतो आणि पडद्यावर "अनुत्तीर्ण" येतं. द्वितीय श्रेणीचा विद्यार्थी नापास! तक्ता पूर्णांकांसाठी केलेला होता, टक्के दशांशात आले. म्हणून गटाचा शेवट "५९ पर्यंत" असा कधी लिहू नका, "६० च्या आधी" असा लिहा: `45 <= टक्के < 60`. नाहीतर वरच्यासारखी एलिफची रांगच वापरा, तिच्यात फट राहायला जागाच नाही.

"नाही" लिहिताना

`!=` एकटं असतं तोवर त्रास देत नाही. दोन `!=` एकत्र आले की गाडी घसरते. समजा, वापरणाऱ्याने "हो" किंवा "नाही" एवढंच लिहावं आणि दुसरं काही लिहिलं तर त्याला टोकावं असं तुम्हाला हवं आहे. बहुतेक नवे लोक असं लिहितात:

```
उत्तर != "हो" ऑर उत्तर != "नाही"
```

ही अट नेहमीच खरी ठरते. वापरणाऱ्याने "हो" लिहिलं तर ते "नाही" पेक्षा वेगळं आहे, म्हणून दुसरा भाग खरा. "नाही" लिहिलं तर पहिला भाग खरा. बरोबर उत्तर देऊनही तो टोकला जातो. इथे अँड हवं: `उत्तर != "हो" अँड उत्तर != "नाही"`, म्हणजे हेही नाही आणि तेही नाही.

नकार आत शिरला की ऑरचं अँड होतं आणि अँडचं ऑर, हा नियम ऑगस्टस डी मॉर्गन या गणितज्ञाच्या नावाने ओळखला जातो. डी मॉर्गनचा जन्म १८०६ मध्ये आपल्याकडच्या मदुराईत झाला होता.

उलट करण्याचाही असाच घोटाळा होतो. "कमी" च्या विरुद्ध "जास्त" हे शाळेत बरोबर, कोडमध्ये चूक. `वय < 18` ची उलट अट `वय >= 18` आहे, कारण जो कमी नाही तो जास्त तरी असेल किंवा तेवढाच असेल. जोड्या पाठच करा: `<` ची उलट `>=`, `>` ची उलट `<=`, `==` ची उलट `!=`. शंका आली तर अख्खी अट कंसात घालून आधी नॉट लिहा. लांब वाटेल, पण चुकणार नाही.

आकडा दिसतो, पण आकडा नसतो

अवतरण चिन्हांतला आकडा हा पायथॉनसाठी मजकूर असतो, म्हणजे स्ट्रिंग. हे करून पाहा:

```
9 > 10
"9" > "10"
```

पहिल्याचं उत्तर फॉल्स, दुसऱ्याचं ट्रू! मजकुराची तुलना शब्दकोशासारखी, पहिल्या अक्षरापासून होते. "9" हे अक्षर "1" च्या नंतर येतं, तिथेच निकाल लागला. पुढचं शून्य कुणी पाहिलंच नाही. हा प्रश्न येतो कारण इनपुट (input) या फंक्शनने कीबोर्डवरून घेतलेलं काहीही मजकूर म्हणूनच येतं. म्हणून वय किंवा गुण विचारलेत की लगेच इंट (int) वापरून त्यांचा पूर्णांक करा, दशांश असेल तर फ्लोट (float) वापरा. आनंदाची गोष्ट म्हणजे वापरणाऱ्याने १८ हा आकडा देवनागरीत टाइप केला तरी इंट त्याचा बरोबर आकडा करून देतं.

`"18" >= 18` असं मजकूर आणि आकडा मिसळून लिहिलंत तर पायथॉन टाइप एरर देऊन थांबतं. त्या एररचे आभार माना. `"18" == 18` आणि `"18" != 18` या ओळी मात्र एरर देत नाहीत. पहिलीचं उत्तर गुपचूप फॉल्स, दुसरीचं गुपचूप ट्रू. पासवर्ड किंवा पिन तपासताना "बरोबर लिहूनही चूक सांगतोय" अशी तक्रार आली तर आधी इथे पाहा.

मराठी शब्दांचीही तुलना होते. `"आंबा" < "केळं"` ट्रू येतं, आपल्या क्रमाप्रमाणेच. पण संगणक युनिकोड या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीतल्या क्रमांकावर जातो, आपल्या वर्णमालेवर नाही. आपल्याकडे ळ हा ह च्या नंतर येतो, युनिकोडमध्ये तो ल च्या शेजारी आहे. म्हणून `"ळ" < "व"` चं उत्तर ट्रू. क्ष तर युनिकोडच्या दृष्टीने क पासून सुरू होणारं जोडाक्षर आहे, त्यामुळे `"क्ष" < "ख"` हेही ट्रू. वर्गातल्या मुलांची हजेरी नुसत्या `<` च्या भरवशावर लावलीत तर क्षितिजाचं नाव यादीच्या शेवटी येण्याऐवजी खुशबूच्या वर येईल. मराठी क्रम हवा असेल तर त्यासाठी वेगळी लायब्ररी लागते, तो पुढचा अभ्यास.

दशांश आणि पैसे

```
0.1 + 0.2 <= 0.3
```

उत्तर फॉल्स येतं. पायथॉन बिघडलेलं नाही. संगणक आकडे बायनरीत, म्हणजे दोनच्या घातांत साठवतो, आणि ०.१ हा आकडा त्या पद्धतीत पूर्ण मावत नाही. १ भागिले ३ आपल्या दशांशात जसं कधीच संपत नाही, तसंच. त्यामुळे बेरीज 0.30000000000000004 अशी निघते आणि सीमा किंचित ओलांडली जाते. `0.29 * 100 >= 29` हेही याच कारणाने फॉल्स येतं.

सीमेवरच्या आकड्याला हा दोष सर्वांत आधी गाठतो. तेव्हा जिथे जमेल तिथे पूर्णांकांतच तुलना करा. रुपयांऐवजी पैसे मोजा: बारा रुपये पन्नास पैसे म्हणजे १२५०. टक्के काढून ६० शी तुलना करण्याऐवजी भागाकारच टाळा:

```
गुण * 100 >= 60 * एकूण
```

५०० पैकी ३०० गुण असतील तर दोन्हीकडे बरोबर ३०००० येतात आणि मूल प्रथम श्रेणीत बसतं. दशांशाला पर्यायच नसेल तर पायथॉनच्या मॅथ (math) मॉड्यूलमधलं इझक्लोज (isclose) हे फंक्शन "जवळजवळ सारखे आहेत का" ते सांगतं.

पायथॉनबाहेर गेलात तर

`<`, `>`, `<=`, `>=` बहुतेक भाषांत तशीच आहेत. "वेगळे" चं चिन्ह मात्र बदलतं. एक्सेलमध्ये आणि एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेच्या प्रमाण रूपात ते `<>` आहे. पायथॉन २ मध्ये `<>` सुद्धा चालायचं, पायथॉन ३ ने ते काढून टाकलं, म्हणून जुना कोड चालवलात तर तिथे एरर येईल. लुआमध्ये `~=`, हॅस्केलमध्ये `/=`. जावास्क्रिप्टमध्ये `!=` आकडा आणि मजकूर यांची मनाने सांगड घालतं, तिथे `!==` वापरा.

एक्सेलच्या काउंटइफमध्ये अट अवतरण चिन्हांत लिहावी लागते: `">=35"`. एसक्यूएलमधलं बिटवीन दोन्ही टोकं आत धरतं. तारखेसोबत वेळही साठवलेली असेल तर "१ एप्रिल ते ३१ मार्च" असं बिटवीन लावल्यावर ३१ मार्च सुरू होतो त्या मध्यरात्रीपर्यंतच्याच नोंदी येतात आणि त्या दिवसभरातली विक्री गळते. आर्थिक वर्षासाठी १ एप्रिलपासून `>=` आणि पुढच्या १ एप्रिलच्या आधी `<` असंच लिहा.

लिनक्सच्या टर्मिनलमध्ये तर `>` हे तुलनेचं चिन्हच नाही, ते उत्तर फाइलमध्ये ओततं. बॅश या टर्मिनलच्या भाषेत `[ 5 > 3 ]` लिहिलंत तर तुलना होत नाही, 3 नावाची रिकामी फाइल तयार होते. तिथे उणे चिन्हापुढे जीटी, एलटी अशी अक्षरं वापरतात.

तपासायचं कसं

प्रत्येक सीमेसाठी तीन आकडे घालून पाहा: एक खालचा, बरोबर सीमेवरचा, एक वरचा. ३५ ची सीमा असेल तर ३४, ३५, ३६. दशांश येऊ शकत असतील तर ३४.९ सुद्धा. कोड चालवण्याआधी अपेक्षित उत्तर कागदावर लिहा. आधी चालवून मग "हो, बरोबर दिसतंय" म्हणणं ही तपासणी होत नाही. ७० किंवा १० घालून पाहण्यात वेळ घालवू नका, तिथे चुकीचा कोडही बरोबर उत्तर देतो.

सरावासाठी घरचं वीजबिल घ्या. महावितरणच्या घरगुती दरपत्रकात युनिटचे टप्पे ० ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि ५०० पेक्षा जास्त असे असतात. दिलेले युनिट कोणत्या टप्प्यापर्यंत पोहोचतात ते सांगणारी एलिफची रांग लिहा. या वेळी `<=` वापरा आणि लहान आकडा वर ठेवा. मग ०, १००, १०१, ३००, ३०१, ५०० आणि ५०१ घालून पाहा. उत्तरं क्रमाने पहिला, पहिला, दुसरा, दुसरा, तिसरा, तिसरा, चौथा अशी यायला हवीत. ती तशी आली की १००.५ घालून पाहा. तुमची रांग "दुसरा" म्हणाली तर कोडमध्ये फट नाही. काहीच उत्तर आलं नाही, किंवा "चौथा" आलं, तर तुम्ही कुठेतरी `101 <= युनिट` लिहून ठेवलं आहे, ते आधी काढा.